नौदलाची नोकरी आणि विंगरची कारकीर्द

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा असून महाविद्यालयाच्या रग्बी संघात विंगर (मैदानाच्या कडेने वेगाने धावणारा खेळाडू) म्हणून खेळतो. नौदलाच्या अग्निवीर भरतीत त्याची निवड झाली आहे. मात्र त्याला व्यावसायिक रग्बीपटू व्हायचे आहे, आणि नौदलात गेलास की खेळ संपला, असे त्याचे मित्र त्याला सांगतात. घरची परिस्थिती बेताची आहे. त्याला कोणता सल्ला द्यावा?
— एक पालक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : आपल्या चिरंजीवांनी नौदलात रुजू व्हावे आणि खेळही सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मित्रांचे म्हणणे काळजीपोटी असेल. पण या खेळाचा इतिहास वेगळे सांगतो.

पंधरा जणांच्या रग्बी युनियनमध्ये उघडपणे मानधन घेऊन खेळण्यास परवानगी मिळाली ती ऑगस्ट १९९५ मध्ये. तोवर प्रत्येक मोठा खेळाडू पोटापाण्यासाठी दुसरे काही तरी करीत असे, आणि त्यांत सैन्यदलांतील माणसे पुष्कळ होती. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात इंग्लंडच्या हाफबॅकच्या, म्हणजे पुढची आणि मागची फळी जोडणाऱ्यांच्या, जागी डेव्हिस आणि केरशॉ ही जोडी खेळत असे. दोघेही रॉयल नेव्हीचे अधिकारी. त्यांपैकी केरशॉ यांचा जन्म आपल्या शेजारच्या ढाक्यातला आणि नोकरी पाणबुडीवरची. हे दोघे एकत्र खेळले असताना इंग्लंड एकदाही हरले नाही. विंगरचेच उदाहरण हवे असेल, तर रॉरी अंडरवुड हे रॉयल एअर फोर्समध्ये वैमानिक होते. १९८४ ते १९९६ या काळात ते इंग्लंडकडून ८५ सामने खेळले आणि त्यांनी ४९ ट्राय केले, म्हणजे तितक्या वेळा प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवले. इंग्लंडच्या पुरुष संघात त्यांचा हा विक्रम आजही कायम आहे.

खेळ व्यावसायिक झाल्यानंतरही ही वाट बंद झाली नाही. फिजीत जन्मलेले सेमेसा रोकोडुगुनी ब्रिटिश लष्करात भरती झाले, अफगाणिस्तानात तैनात राहिले, २०१२ मध्ये बाथ क्लबकडून खेळू लागले आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, न्यूझीलंडविरुद्ध इंग्लंडच्या विंगवर उभे राहिले. रॉयल नेव्हीच्या सॅम माटावेसी यांनी फिजीकडून विश्वचषकही खेळला. अर्थात ते विंगर नव्हेत, हूकर, म्हणजे पुढच्या फळीत मधोमध खेळणारे, आहेत.

मात्र ही उदाहरणे जशीच्या तशी आपल्याकडे लागू होतील, असे मी म्हणणार नाही. ब्रिटनमध्ये लष्कर विरुद्ध नौदल हा रग्बी सामना १८७८ पासूनचा आहे आणि लंडनमधील ट्विकनहॅमच्या विशाल मैदानावर तो पाहायला लोक गर्दी करतात. आपल्याकडे व्यावसायिक रग्बीची सुरुवात आत्ता कुठे होते आहे. जून २०२५ मध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला. त्यात सहा संघ होते, सामने सात-सात जणांचे होते आणि विजेतेपद चेन्नईच्या संघाने मिळवले. ही आनंदाची गोष्ट आहे. पण पंधरा दिवसांच्या स्पर्धेवर वर्षभराचा संसार चालत नाही, हे आपण जाणताच.

आता वयाचा हिशेब पाहू. अग्निवीराची सेवा चार वर्षांची असते, म्हणजे मुलगा बाहेर पडेल तेव्हा तो २३ वर्षांचा असेल आणि सेवानिधीचे, म्हणजे सेवा संपताना एकरकमी मिळणारे, सुमारे ११.७१ लाख रुपये त्याच्या हाती असतील. जास्तीत जास्त २५ टक्के जणांना पुढे कायम केले जाते; त्यात त्याचा क्रमांक लागला तर घराचा प्रश्नच मिटला, आणि नाही लागला तरी २३ हे विंगरच्या दृष्टीने उमेदीचेच वय आहे.

खरी काळजी वेगळी आहे, ती म्हणजे वेगाची. जहाजावर दोरीच्या उड्या, दंड, बैठका यांनी दमसास टिकतो. पण पूर्ण वेगाने पन्नास-साठ मीटर पळायला तेथे मोकळी जागा आणि गवत कोठून मिळणार? विंगरचा वेग सरावाअभावी हळूहळू ओसरतो. मग किनाऱ्यावर परतल्यावर उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी जीव तोडून धावले, की मांडीच्या मागचा स्नायू फाटतो आणि हंगाम वाया जातो. म्हणून रजेवर किंवा किनाऱ्यावरील तळावर असताना आठवड्यातून दोनदा तीस-चाळीस मीटरच्या धावा घ्याव्यात आणि वेग दोन-तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने वाढवावा. नौदलात खेळाडूंसाठी कोणत्या निवड चाचण्या होतात, हे त्याने प्रशिक्षण संपताच आपल्या वरिष्ठांना स्वतःहून विचारावे. कोणी बोलावील म्हणून वाट पाहत बसू नये.

प्रश्न : विंगरने फक्त पळायचे असते. मग आमचे प्रशिक्षक आमच्याकडून कुस्तीचा सराव का करून घेतात?
— एक विद्यार्थी, कागल

उत्तर : आपले प्रशिक्षक जाणकार आहेत. विंगर ११ किंवा १४ क्रमांकाचा सदरा घालून बाजूच्या रेषेला लागून उभा असतो आणि ऐंशी मिनिटांत चेंडू त्याच्याकडे मोजक्याच वेळा येतो. तो आला की चेंडू रेषेकडच्या हातात घ्यायचा, म्हणजे आतला हात अंगावर येणाऱ्याला रेटण्यासाठी मोकळा राहतो. हे झाले चढाईचे. बचावात मात्र प्रतिस्पर्धी विंगर भरवेगाने अंगावर येतो, आणि तेथे जे करायचे ते तालमीतल्या पोरांना अर्धे येतच असते. दुहेरी पटाला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही पाय धरायला, घुसताना जशी कंबर खाली जाते, पाठ सरळ राहते आणि नजर वर असते, तसेच येथेही करायचे. फरक इतकाच की, दोन्ही हातांनी घट्ट कवळ घालावी लागते आणि खांद्याच्या रेषेच्या वर पकडले तर दंड होतो. डोके नेहमी प्रतिस्पर्ध्याच्या मागच्या बाजूला, त्याच्या नितंबाशी टेकलेले ठेवा. ते पुढे आडवे आले, तर त्याच्या गुडघ्याचा फटका थेट आपल्या कानशिलावर बसतो. ही एक सवय लाल मातीत हळू चालीने शंभर वेळा घोटून घ्या आणि मगच गवतावर पूर्ण वेगाने करून पाहा.