मैत्रीतला भाव

प्रश्न : सेलमधून किंवा जुन्या सामानाच्या विक्रीतून मी वस्तू घेते, साफसूफ करते आणि ऑनलाइन जास्त किमतीला विकते. गेल्या वर्षी ऑफिसमधल्या मैत्रिणीनं तिची कॅमेऱ्याची लेन्स मला फारच स्वस्तात दिली. मी तेव्हा फोटोग्राफी शिकत होते. पुढे ते सुटलं आणि मी लेन्स जवळजवळ तिप्पट किमतीला विकली. जाहिरात तिच्या नजरेस पडली, तेव्हापासून ती तुटक वागते. नवरा म्हणतो, ‘पैसे मोजलेस, वस्तू तुझी झाली.’ माझं चुकलं का?

उत्तर : वस्तू तुमची झाली, यात वाद नाही. सेलमधल्या मालाबद्दलही मला काही म्हणायचं नाही. दुकानदाराला जागा मोकळी करायची असते. माल कोणीही न्यावा म्हणूनच तो किंमत उतरवतो. पुढे गिऱ्हाईक शोधणं, फोटो काढणं, परत आलेली वस्तू पदरात घेणं, न खपलेली सांभाळणं हे सगळं तुम्ही करता. त्याचे पैसे घ्यायला लाजू नका. (‘प्रत्येकी दोनच’ अशी पाटी असताना भाचे-पुतणे रांगेत उभे करून दहा नग उचलणं वेगळं. ते तुम्ही करत नाही असं धरून चालते.)

लेन्सची गोष्ट निराळी. ‘मी तेव्हा शिकत होते’ हे वाक्य तुम्ही ओघात लिहून गेलात, पण सगळं तिथंच आहे. तिनं सोडलेले पैसे तुमच्या शिकण्यासाठी सोडले होते. तुम्ही ते नफ्यात धरलेत.

प्राचीन रोममधला वक्ता आणि लेखक सिसेरो यानं तिथल्याच क्विंटस स्कायव्होलाची हकिकत सांगितली आहे. त्याला एक जमीन घ्यायची होती. मालकानं किंमत सांगितली, तर हा म्हणाला, जमिनीचं मोल याहून जास्त आहे. आणि त्यानं एक लाख सेस्टर्स (तिथली नाणी) वर मोजले. सिसेरो पुढे म्हणतो, हा सज्जन होता हे कोणी नाकारत नाही, शहाणा होता हे मात्र लोक मान्य करत नाहीत. तुमचे यजमान त्या लोकांतले दिसतात!

तुम्ही स्कायव्होला व्हावं असं मी म्हणणार नाही. अनोळखी माणसाला त्याच्या मालाचा बाजारभाव समजावून देणं तुमचं काम नव्हे. त्यानं सरळ विचारलं तर खोटं सांगू नये, एवढं पुरे. मैत्रिणीला मात्र विकण्याआधी ‘तुला परत हवी का?’ असं विचारायला हवं होतं.

आता तिच्याशी समोरासमोर बोला. शिकणं का सुटलं ते सांगा आणि वरच्या पैशांतला अर्धा वाटा देऊ करा. तिनं नको म्हटलं तर पाकीट बळेबळे हातात कोंबू नका. आणि नवऱ्याला या बोलण्यात घेऊ नका.