मैत्रीणच खजिनदार असते तेव्हा

प्रश्न : बाई, मी बेळगावात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वसतिगृहाच्या विद्यार्थिनी मंडळाची यंदा मी सेक्रेटरी. माझी मामेबहीण अमेरिकेत जॉर्जियात शिकते. तिथं कॉलेजच्या मुलींच्या ‘सोरॉरिटी’ नावाच्या संघटना असतात. मुली वर्गणी भरतात, आपल्यातूनच अध्यक्ष, खजिनदार निवडतात, पुष्कळ ठिकाणी एकाच घरात राहतात. निवडून आलेल्या मुलींना दोन दिवस बाहेरगावी नेतात, त्याला रिट्रीट म्हणतात. तिथं बहिणीला चिठ्ठ्यांचा गठ्ठा दिला होता. प्रत्येक चिठ्ठीवर एक मूल्य, आणि शेवटी हातात पाचच ठेवायची. तसंच शिबिर मला दिवाळीनंतर जांबोटीला घ्यायचंय. आमच्यात मराठी, कन्नड दोन्ही मुली आहेत, काही चंदगडकडच्या आहेत. अडचण एकच. खजिनदार माझी जिवलग मैत्रीण आहे. गणेशोत्सवाच्या वर्गणीतल्या अठराशे रुपयांचा हिशेब ती देत नाही. विचारलं की रडते, ‘माझ्यावर विश्वास नाही काय गे?’ म्हणते. शिबिरात विश्वास, बहीणभाव असे विषय घेतले तर हे आपोआप सुटेल का?
– एक विद्यार्थिनी, खानापूर तालुका

उत्तर : शिबिर जरूर घे. पण अठराशे रुपयांचा निकाल शिबिराच्या आधी लाव. नाहीतर जांबोटीच्या थंडीत गोल करून बसलेल्या तुम्ही सगळ्या ‘प्रामाणिकपणा’ची चिठ्ठी हातात धराल, निम्म्या जणींच्या मनात वर्गणीच्या हिशेबाची वही असेल आणि तोंडानं कुणीच काही बोलणार नाही.

तुझ्या मैत्रिणीनं पैसे खाल्ले असं मी धरून चाललेले नाही. मला वाटतं, वर्गणी तिच्या स्वतःच्या फोनपेवर जमा झाली असणार. त्याच खात्यात घरून आलेले पैसे, त्यातूनच रिचार्ज, त्यातूनच कुणाला उसने दिलेले दोनशे. महिन्याभरानं कुठला रुपया कुणाचा हे तिलाही सांगता येत नसेल, आणि ते कबूल करायची लाज वाटत असेल. तिला एकटीला गाठ. खोलीत नको, दुसऱ्या मुली असतात. टिळकवाडीत कुठंतरी चहाला घेऊन जा. सरळ बोल : ‘हे बघ गे, मी तुला चोर म्हणत नाही. मोबाईलमधले त्या महिन्याचे सगळे व्यवहार काढूया, वही पुरी करूया. जिथं पावती नाही तिथं पावती नाही असंच लिहूया आणि दोघी सही करूया.’ हार-फुलं, रिक्षा, हमाली यांच्या पावत्या कुणाकडंच नसतात. त्यातच हजारभर रुपये निघतील. उरलेले तिच्याकडून खर्च झाले असतील तर तिनं ते रेक्टरांना सांगावं आणि हप्त्यानं फेडावेत. ती रडली तर रडू दे, तू उठून जाऊ नकोस आणि विषयही बदलू नकोस. आठ दिवसांत वही झाली नाही तर तू मंडळापुढं सांगणार आहेस, हे तिला आधीच सांगून ठेव. एक मात्र अजिबात करू नकोस : पदरचे पैसे घालून वही जुळवू नकोस. त्यानं मैत्रीण वाचत नाही, पुढच्या वर्षीची खजिनदारही तेच शिकते.

मी रेक्टर होते तेव्हा मेसचा बाजार मुलीच करायच्या. दोघी-दोघी रविवार पेठेत जायच्या आणि आल्या आल्या स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला टांगलेल्या वहीत लिहायच्या. अथणीकडची एक मुलगी होती, घरी कन्नड बोलणारी, अबोल. तिची एक ओळ मला पाठ आहे : ‘हमाली 30. पावती नाही. सोबतिणीची सही.’ खाली खरोखर सोबतिणीची सही. आकडे ती कन्नडमध्ये लिहायची. ते वाचता वाचता आमच्या मराठी पोरींना कन्नड आकडे आपसूक यायला लागले. तिला कुणी पुढारी म्हटलं नाही, पण मेसमध्ये भांडण लागलं की सगळ्या तिच्याकडं बघायच्या. तुझ्या शिबिरात मला अशी मुलगी घडलेली हवी आहे.

आता त्या अमेरिकन संघटनांबद्दल. तुझी बहीण शिकते त्याच जॉर्जियात, मेकन गावच्या वेस्लियन कॉलेजात 1851 साली मुलींनी ॲडेल्फियन सोसायटी काढली. पुढं 1870 मध्ये इंडियानातल्या एका कॉलेजात बेटी लॉक आणि तिच्या तीन मैत्रिणींनी कप्पा अल्फा थीटा ही संघटना सुरू केली. त्या कॉलेजात मुलींना प्रवेश मिळून तेव्हा तीनच वर्षं झाली होती. मुलग्यांच्या एका मंडळानं बेटीला आपला बिल्ला लावायला देऊ केला होता, पण सभासद करून घ्यायची तयारी नव्हती. तिनं बिल्ला नाकारला, अशी गोष्ट त्या संघटनेत आजही सांगतात. ही गोष्ट तुझ्या मुलींना सांग. शोभेचं पद मिळत असताना नाही म्हणायला फार ताकद लागते. आपल्याकडंही आभारप्रदर्शन आणि पुष्पगुच्छ एवढंच मुलींच्या वाट्याला देणारी कॉलेजं पुष्कळ आहेत.

त्याच जोडीला दुसरी बाजूही सांग. बहीणभावाची शपथ घेणाऱ्या त्या जुन्या संघटनांची दारं काळ्या मुलींना बंद होती. म्हणून 1908 मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात अल्फा कप्पा अल्फा उभी राहिली आणि 1913 मध्ये डेल्टा सिग्मा थीटा. या दुसऱ्या संघटनेच्या मुली स्थापनेनंतर दोन महिन्यांच्या आत, 3 मार्चला, स्त्रियांच्या मताधिकाराच्या मोर्चात चालल्या. त्या मोर्चातही काळ्या बायकांनी मागं चालावं असा आग्रह काही जणींनी धरला होता. तेव्हा तुमच्या मंडळाच्या दाराबाहेर कोण उभी आहे ते बघ.

मला तर ती आत्ताच दिसतेय : चंदगडची मुलगी. तुम्ही जांबोटीला सरकारी बसनं जाणार. जून 2023 पासून शक्ती योजनेमुळं कर्नाटकातल्या बायकांना साध्या बसला तिकीट नाही, आधार कार्ड दाखवलं की झालं. चंदगडच्या मुलीचा पत्ता महाराष्ट्राचा. कंडक्टर तिच्याकडून पैसे घेणार, आणि बाकीच्या फुकट. रक्कम किरकोळ आहे, पण सगळ्यांदेखत तिनं एकटीनंच पर्स उघडायची? बस स्टँडवर जायच्या आधीच मंडळात ठरव की तिचं तिकीट सामाईक खर्चातून. चिठ्ठ्यांचा खेळ घेशील तेव्हा ‘समता’ची चिठ्ठी हातात ठेवणारीला या तिकिटाबद्दल काय वाटतं ते विचार. प्रत्येकीला तसंच विचार : या चिठ्ठीसाठी गेल्या महिन्यात तू काय केलंस? ज्या चिठ्ठीला उत्तर नाही ती खाली ठेवायला लाव.

भाषेचं सांगते. सीमाप्रश्नावर माझं मत ठाम आहे. 1956 पासूनची ती सल आमच्या घरातही आहे आणि मी ती लपवत नाही. पण तुझ्या मंडळात कन्नड मुलगी गप्प बसली तर त्यानं मराठीचं काडीचंही भलं होत नाही. पहिल्या रात्री शेकोटीशी बेळवडीची गोष्ट घे. बैलहोंगल तालुक्यातलं हे गाव. तिथल्या ज्या राणीला कन्नड मुली मल्लम्मा म्हणतात तीच मराठीत सावित्रीबाई देसाई. दक्षिणेच्या स्वारीवरून परतणाऱ्या शिवरायांच्या फौजेशी ती लढली. एका कन्नड मुलीनं तिच्या आजीकडून ऐकलेली गोष्ट कन्नडमध्ये सांगावी, एकीनं मराठीत. मराठी बाजूला असंही सांगतात की त्या बाईशी गैर वागलेल्या स्वतःच्याच सरदाराला महाराजांनी कडक शिक्षा केली. आपल्या माणसाला जाब विचारण्यावर मग मुलींना बोलू दे. तोवर तुझी वही पुरी झालेली असेल, तर तुझी खजिनदार मैत्रीणही त्यात मोकळेपणानं बोलेल.

बाकी भांडी कुणी घासायची, पाणी कुणी भरायचं याच्या पाळ्या लाव. सेक्रेटरीची पाळी पहिली. आणि पुढच्या वर्गणीसाठी दोघींच्या सहीचं बँक खातं उघडता येईल का, ते रेक्टरांना विचार.

प्रश्न : माझी मुलगी कॉलेजच्या दोन दिवसांच्या नेतृत्व शिबिराला जायचं म्हणते. सासूबाई नको म्हणतात. पुढारीपण शिकून मुलीला काय मिळणार, असं त्यांचं म्हणणं. काय करावं?
– एक आई, निपाणी

उत्तर : तुमच्या निपाणीतच 1980च्या सुमारास तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या हजारो बायकांनी संघटना बांधून संप केला. सासूबाईंच्या वयाच्या कुणीतरी गल्लीत असतीलच, ज्यांनी ते दिवस पाहिले. त्यांना एकदा घरी चहाला बोलवा.

पाठवण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या : मुक्कामाला प्राध्यापिका सोबत आहेत का, झोपायची आणि न्हाणीची सोय कुठं आहे, आणि रात्री फोन लागतो का. शिबिर जांबोटी, चोर्ल्याच्या बाजूला असेल तर तिकडं रेंज जाते, तेव्हा तिथल्या कुणाचा तरी नंबर घेऊन ठेवा. प्राध्यापिकांशी सासूबाईंनाच फोनवर बोलू द्या. तुम्ही किंवा मुलीनं समजावण्यापेक्षा त्याचा जास्त उपयोग होईल.