वाचक विचारतात : शिक्षा झाली नाही, मग अंतुलेसाहेबांनी राजीनामा का दिला?

प्रश्न : ताई, आमचं घर माणगाव तालुक्यात. माझे सासरे अंतुलेसाहेबांना फार मानतात. निराधारांची पेन्शन त्यांनी सुरू केली, जिल्ह्याला रायगड नाव त्यांनी दिलं, असं ते सांगतात. कॉलेजात जाणारा माझा मुलगा ‘सिमेंट घोटाळा’ एवढंच म्हणतो. सासरे म्हणतात, कोर्टात काही सिद्ध झालं नाही. मुलगा म्हणतो, हायकोर्टानंच दोषी ठरवलं. खरं कोणाचं?
— एक वाचक, माणगाव

उत्तर : दोघं वेगवेगळ्या खटल्यांबद्दल बोलताहेत, म्हणून तुमच्या घरातला वाद मिटत नाही.

आधी सासऱ्यांचं. ते सांगतात ते खरं आहे. बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले जून १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले आणि संजय गांधी निराधार अनुदान योजना त्याच वर्षी सुरू झाली. १ जानेवारी १९८१ पासून कुलाबा जिल्हा रायगड झाला. त्याच वर्षी १ मे रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. म्हसळा तालुक्यातल्या आंबेतचा मुलगा मुख्यमंत्री होतो आणि झपाट्यानं निर्णय घेतो, याचं कोकणाला किती अप्रूप होतं ते मी अलिबागच्या कोर्टात वकिली करताना अशिलांच्या तोंडून ऐकलं आहे. ते अप्रूप खोटं नव्हतं.

आता सिमेंटचं. तुमच्या मुलाच्या पिढीला दुकानात जाऊन गोणी आणता येते, म्हणून त्याला हे समजावून सांगावं लागेल. त्या काळी सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. केंद्राकडून राज्याला कोटा मिळायचा, राज्य तो वाटायचं आणि सामान्य माणसाला परमिट काढावं लागायचं. आमच्या घराची गच्ची परमिटासाठी अडली आणि तो पावसाळा आम्ही ताडपत्रीखाली काढला. काळ्या बाजारात सिमेंट मिळायचं, पण भाव सरकारी दरापेक्षा कितीतरी चढा असायचा. म्हणजे सरकारी दरानं ज्याला जास्त गोण्या मिळतील, त्याचा फायदा तिथेच ठरला. मुंबईच्या बिल्डरांना ही संधी किती मोलाची होती, ते वेगळं सांगायला नको.

नेमून दिलेल्या वाटपाबाहेर तदर्थ, म्हणजे खास बाब म्हणून द्यायचा कोटा मुख्यमंत्र्यांच्या हातात होता. दुसरीकडे त्यांनी काही न्यास उभे केले होते. त्यांपैकी गाजला तो इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान. लेखक-कलावंतांना मदत करणं हा त्याचा जाहीर हेतू. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी अरुण शौरी यांनी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये या न्यासांचा हिशेब मांडला : बिल्डरांकडून देणग्या येत होत्या आणि त्यांना सिमेंट मिळत होतं. साखर कारखान्यांकडून येणाऱ्या पैशांचा विषयही त्यात होता. संसदेत गदारोळ झाला.

याविरुद्ध जनता पक्षाचे प. बा. सामंत हायकोर्टात गेले. तो फौजदारी खटला नव्हता, रिट याचिका होती. सरकारी अधिकार नियमानं वापरला की नाही, एवढंच त्यात तपासलं जातं. जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी निकाल दिला की सिमेंटचं वाटप आणि देणग्या यांचा परस्परसंबंध आहे. त्याच महिन्यात अंतुले पायउतार झाले. तुमचा मुलगा बोलतो ते या निकालाबद्दल. त्यात कोणाला शिक्षा झालेली नाही, होऊही शकत नव्हती.

फौजदारी खटला भाजपचे रामदास नायक यांनी गुदरला आणि तो मात्र पायऱ्यांवरच अडकत राहिला. आमदार लोकसेवक आहे, त्याच्यावर खटल्यासाठी मंजुरी हवी, असं म्हणून विशेष न्यायाधीशांनी आरोपीला मोकळं केलं. १६ फेब्रुवारी १९८४ रोजी सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी ते फिरवलं : ज्या पदाचा गैरवापर झाला ते पद सुटलं असेल तर मंजुरीची गरज नाही. खटला त्यांनी थेट हायकोर्टाकडे सोपवला. पुढे १९८८ मध्ये त्याच कोर्टाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठानं बहुमतानं सांगितलं की हायकोर्टाकडे सोपवणंच चुकलं, त्यामुळे आरोपीचा हक्क डावलला गेला. पुन्हा विशेष न्यायाधीश. १९९१ मध्ये खटला लवकर चालण्याच्या हक्कावर याच प्रकरणात आणखी एक मोठा निकाल आला. वकिलीच्या विद्यार्थ्यांना अंतुले हे नाव आज या निकालांमुळे पाठ असतं. शिक्षा कधीच झाली नाही. सासऱ्यांचं म्हणणं या खटल्याबद्दल बरोबर आहे.

मग माझं मत काय? त्यांचे समर्थक म्हणत, पैसा साहेबांच्या घरी गेला नाही, न्यासाला गेला. मला हा बचाव कधीच पटला नाही. ज्याची फाइल तुमच्या टेबलावर आहे, त्यानं दिलेला चेक देणगी होत नाही, मग तो कोणत्याही सत्कार्यासाठी असो. राजीनामा योग्यच होता. पण फौजदारी खटला वर्षानुवर्षं ताटकळला, हा त्यांच्यावरही अन्याय होता आणि उत्तराची वाट पाहणाऱ्या मतदारांवरही.

राजकीय परिणाम म्हणाल तर त्यांच्या जागी बाबासाहेब भोसले आले आणि १९८० ते १९८८ या काळात राज्यानं सहा मुख्यमंत्री पाहिले. काँग्रेसच्या जागा १९८० च्या १८६ वरून १९८५ मध्ये १६१ वर आल्या, तरी सत्ता टिकली. अंतुले १९८९, १९९१, १९९६ आणि २००४ मध्ये लोकसभेवर निवडून गेले, केंद्रात मंत्रीही झाले. आणि सिमेंटवरचं नियंत्रण? निकालानंतर महिन्या-दीड महिन्यातच केंद्रानं ते अंशतः उठवलं, १९८९ मध्ये पूर्ण. सामान्य माणसाच्या दृष्टीनं मी याला सर्वांत मोठा बदल मानते, कारण वाटायला कोटाच उरला नाही.

प्रश्न : मुंबईतल्या ‘आदर्श’ गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात अशोक चव्हाणांवरच्या खटल्याला राज्यपालांनी आधी नाही म्हटलं, मग हो म्हटलं. मंजुरी म्हणजे नक्की काय?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : लोकसेवकावर ऊठसूट खटले होऊ नयेत म्हणून कायद्यानं ठेवलेली ही अट. अशोक चव्हाण यांनी नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्रिपद सोडलं. डिसेंबर २०१३ मध्ये राज्यपाल के. शंकरनारायणन यांनी सीबीआयला मंजुरी नाकारली. फेब्रुवारी २०१६ मध्ये सी. विद्यासागर राव यांनी ती दिली. डिसेंबर २०१७ मध्ये हायकोर्टानं ही दुसरी मंजुरी रद्द केली, कारण आधीचा नकार बदलण्याजोगा नवा, ग्राह्य पुरावा पुढे आलेला नव्हता. म्हणून या प्रकरणात चव्हाणांना कोणत्याही कोर्टानं दोषी ठरवलेलं नाही, हे नोंदवायला हवं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते भाजपमध्ये गेले आणि राज्यसभेवर निवडून आले.

माझी तक्रार कायद्याबद्दल आहे. भ्रष्टाचारविरोधी कायद्याखाली पद सोडल्यावर मंजुरी नको, हे १९८४ मध्ये अंतुले प्रकरणात ठरलं होतं. त्या कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनं माजी लोकसेवकांसाठीही मंजुरी आवश्यक केली. म्हणजे पद गेल्यावरही दाराची किल्ली सरकारकडेच. मला हे चुकीचं वाटतं आणि तुमच्या खासदारांना तुम्ही याबद्दल पत्र लिहावं, असं मी सुचवीन.

प्रश्न : कोर्टाच्या ताशेऱ्यांमुळे पद सोडणारे अंतुले एकटेच का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : नाही. शिवाजीराव पाटील निलंगेकर यांनी मार्च १९८६ मध्ये राजीनामा दिला. मुलीच्या एम. डी. परीक्षेतले गुण वाढवल्याचं प्रकरण हायकोर्टात गेलं होतं आणि तिथे मुख्यमंत्र्यांबद्दल प्रतिकूल शेरे आले होते. त्यांच्यानंतर शंकरराव चव्हाण आले.