लेकीला आधी ड्रमवर उभं राहू द्या

प्रश्न : माझ्या मुलीने मुंबईच्या शासकीय तंत्रनिकेतनातून लेदर टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा केला. तमिळनाडूत रानीपेटच्या एका टॅनरीने (चामडं कमावायच्या कारखान्याने) तिला ‘प्रोसेस ऑडिट’ विभागात ट्रेनी म्हणून घेतलंय, पण पहिले सहा महिने ड्रमवर, म्हणजे कातडं रसायनांत घालून फिरवतात त्या मोठ्या पिंपावर, शिफ्ट करावी लागेल म्हणतात. नातेवाईक नाकं मुरडतात. तिने सरळ ऑफिसचं काम मागून घ्यावं का? आणि ऑडिट म्हणजे वह्या तपासायची कारकुनीच ना?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, ड्रमवरची शिफ्ट टाळायला तिला अजिबात सांगू नका. पुढे तिच्या शब्दाला जो मान मिळेल, तो या सहा महिन्यांच्या जोरावरच मिळेल.

टॅनरीचं जुनं दुखणं म्हणजे मालातला फरक. गिऱ्हाइकाला प्रत्येक लॉट सारखा हवा असतो आणि कच्चं कातडं कधीच सारखं येत नाही. जनावराचं वय, मोसम, लावलेलं मीठ, सगळंच वेगळं. पण बराचसा फरक कारखान्याच्या आतच तयार होतो. वजनाचंच बघा. चुना, आम्ल, क्रोम (कातड्याचं टिकाऊ चामडं करणारा क्रोमियमचा क्षार), रंग, तेल हे सगळं कातड्याच्या वजनाच्या टक्क्यांत घालतात. पाणी निथळायच्या आत घाईने काटा केला, की त्या वजनावर काढलेली सगळी मापं चुकतात. कागदावर मात्र फॉर्म्युला तंतोतंत पाळलेला असतो.

पिकलिंगमध्ये क्रोमच्या आधी कातडं आम्लात मुरवतात. ड्रममधल्या पाण्याचा पीएच 2.8 आला की वहीत नोंद होते. तेवढ्याने कातड्याच्या गाभ्यापर्यंत आम्ल पोचलं असं होत नाही. जाणकार माणूस जाड भागाचा तुकडा कापतो आणि कापलेल्या कडेवर ब्रोमोक्रेसॉल ग्रीनचे, म्हणजे आम्लाप्रमाणे रंग बदलणाऱ्या द्रावणाचे, थेंब टाकतो. कड आरपार पिवळी झाली तर ठीक. मध्ये हिरवी-निळी रेघ राहिली तर ड्रम अजून फिरायला हवा. ती रेघ न बघता क्रोम सोडलं तर ते वरच्या थरातच जास्त बसतं, गाभा कच्चा राहतो, आणि उकळत्या पाण्याच्या चाचणीत तुकडा आक्रसतो. तोच माल पुढे ढकलला की रंग एकसारखा चढत नाही आणि बोल लागतो रंगाई विभागाला.

अशा दोषाचं मूळ कुठे आहे ते मागे जाऊन शोधणं, हे तुमच्या लेकीचं काम. वह्या बघाव्या लागतीलच. पाळीभरच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच दमात लिहिलेल्या दिसल्या की तिला शंका यायला हवी. ती का येते आणि पुढे काय करायचं, हे ड्रमवर उभं राहिलेल्यालाच कळतं. पीएच मीटर तपासायचं बफर (ठरलेल्या पीएचचं द्रावण) संपलं असेल, किंवा एका माणसावर एकाच वेळी दोन ड्रम रिकामे करायची वेळ येत असेल. कारण कळलं तर व्यवस्था सुधारते. नुसत्या मेमोने पुढच्या पाळीला वही आणखी सुबक होते, एवढंच.

या कामाला मागणी आहे. युरोपियन युनियनने 2015 पासून माणसाच्या त्वचेला लागणाऱ्या चामडी वस्तूंत क्रोमियम सहाची (क्रोमियमच्या घातक रूपाची) मर्यादा किलोमागे 3 मिलिग्रॅम ठेवली आहे. न्यूट्रलायझेशनचा (क्रोमनंतर आम्ल कमी करायच्या पायरीचा) पीएच आणि फॅटलिकरची (चामडं मऊ करणाऱ्या तेलाची) निवड चुकली तर साध्या क्रोमपासूनही ते तयार होऊ शकतं. म्हणजे शेवटच्या चाचणीवर भिस्त ठेवून चालत नाही, प्रक्रियाच हातात हवी. 2005 मध्ये सुरू झालेल्या लेदर वर्किंग ग्रुप या चामडं उद्योगातल्या संस्थेचं ऑडिटही मोठे ब्रँड विचारतात, पण त्याचा भर मुख्यतः पर्यावरणावर असतो. रोजच्या मालाची गत घरच्याच ऑडिटरला बघावी लागते.

नातेवाइकांविषयी स्पष्ट लिहितो. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आपण सगळे खूश झालो. ते चामडं कमावणाऱ्या हातांची मात्र शिसारी. ही शिसारी जातीतून आली आहे आणि ती तुमच्या लेकीच्या वाटेत येता कामा नये.

काळजी करायचीच तर एका गोष्टीची करा. केस काढायला कातडं चुन्यात घालतात, त्या कामात सल्फाइड वापरतात. त्यात आम्ल मिसळलं की हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. तो जीवघेणा आहे, आणि जास्त प्रमाणात असला की नाकाला त्याचा वास येणंच बंद होतं. रुजू होण्याआधी तिने कंपनीला विचारावं : गॅस डिटेक्टर आहेत का, ड्रममध्ये किंवा टाकीत उतरण्याआधी लेखी परवानगी लागते का, सल्फाइडचं आणि आम्लाचं सांडपाणी वेगळं वाहतं का? उत्तरं टाळली, तर ही नोकरी सोडून दुसरी टॅनरी बघा.

उत्तरं नीट मिळाली तर पाठवा. जाण्याआधी कामापुरतं तमिळ शिकायला लावा. ड्रमवरची माणसं तिला खरं काय ते त्याच भाषेत सांगतील. वर्ष-दोन वर्षांनी पदवीचा विचार करता येईल. चेन्नई, कानपूर आणि कोलकाता इथे लेदर टेक्नॉलॉजीचं बी.टेक. आहे. डिप्लोमावाल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश कुठे मिळतो, याची चौकशी तिने आत्ताच सुरू करावी.