बडोद्याला फर्स्ट इयरला ॲडमिशन झाली आहे. काका गावातच राहतात, तरी होस्टेल घ्यावं का? तिथलं रोजचं आयुष्य कसं असतं आणि सोबत काय न्यावं?

होस्टेल घे. काकांकडे रविवारी जेवायला जा.

एवढंच लिहून थांबणार होतो, पण "काका गावातच राहतात, तरी" हे वाचलं आणि राहवेना, कारण हा "तरी" आमच्या घरात २०१९ पासून चालू आहे. (बडोद्यात तरी फक्त सेव उसळीवर चांगली, बाकी कुठे नको.)

मी नंदुरबारचा. सख्खी आत्या लग्न होऊन बडोद्यात, दांडिया बाजारच्या मागे जुनं घर, तळमजला. मला ॲडमिशन मिळाली (कॉलेज कुठलं ते राहू दे) तशी तिने आधी पेढे वाटले आणि लगेच मधल्या खोलीतलं कपाट माझ्यासाठी रिकामं करून टाकलं. मला कुणी विचारलंच नव्हतं. मी होस्टेलचा फॉर्म भरलाय हे तिला कळलं ते लोकल गार्डियनच्या सहीमुळे, म्हणजे फॉर्मवर गावातल्या कुणाची तरी सही आणि फोटो लागतो, आता बडोद्यात आमचं दुसरं आहे कोण? तिने सही केली, फोटोपण दिला, आणि मी जिना उतरेपर्यंत पप्पांना फोन, "माझ्या घरी राहायचं नाही म्हणून माझीच सही घेऊन गेला." हे वाक्य मी नंतर दोन लग्नांत, एका बारशात आणि आजोबांच्या वर्षश्राद्धाला ऐकलंय.

पप्पांचं म्हणणं पैशाचं होतं, ते मी समजू शकतो. पण नातेवाइकांकडे राहणं फुकट असतं हा मोठाच गैरसमज आहे. रात्री उशिरा आलास की दार उघडायला कुणीतरी उठतं, आणि तो उठलेला माणूस सकाळी चहाच्या वेळी दिसतोच. होस्टेलवर बाराला भूक लागली तर लागली, मॅगी कर नाहीतर बाहेर लारीवर (हातगाडीवर) जा. काकांकडे बाराला भूक लागली की काकू विचारणार, भाजी आवडली नाही का रे?

बरं, रोजचं आयुष्य. सकाळी बाथरूमसमोर लाईन असते आणि त्या लाईनीत माणसं नाही, बादल्या उभ्या असतात, दुसऱ्याची बादली मागे सरकवलीस तर वर्षभर नाव निघेल. मेसच्या डाळीत गूळ असतो. आपल्या खानदेशी जिभेला पहिला महिना ते खीर वाटतं, मी घरचा ठेचा घालून खायचो, आणि दिवाळीत घरी गेलो तर आईला म्हणालो डाळीत काहीतरी कमी आहे, तेव्हा तिने जे पाहिलं माझ्याकडे! रात्री बहुतेक वेळा खिचडी-कढी, ती मात्र सुंदर. अटेंडन्स ७५ टक्के लागते ते माहीत असेलच. नवरात्रात नऊ रात्री अभ्यासाचा विषय काढायचा नाही, गरबा येत नसला तरी जायचं, तिसऱ्या दिवशी येतो. १४ जानेवारीला उत्तरायण आणि १५ला वासी उत्तरायण, दोन्ही दिवस सगळं शहर पतंग उडवायला गच्चीवर. सिनियर "इंट्रो" घेतील, गंमत वाटेपर्यंत ठीक, नाही वाटली तर तोंड उघड, ते अँटी रॅगिंगचं ॲफिडेविट उगाच भरून घेत नाहीत.

आता मूळ मुद्दा. ३१ जुलै २०१९, बुधवार. मला होस्टेलवर येऊन महिनासुद्धा झाला नव्हता. त्या दिवशी बडोद्यात २४ तासांत जवळपास ५०० मिमी पाऊस पडला, वीस इंच. आमच्याकडे अख्ख्या जुलैत एवढा पडला तर लोक खूश होतात. काला घोड्याच्या पुलापाशी विश्वामित्री नदीची पातळी मोजतात, २६ फुटाला धोका, पोरं कॉरिडॉरमध्ये क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसे फूट सांगत होती. विश्वामित्रीत मगरी आहेत हे तुला माहीत असेल, त्या रस्त्यावर आल्या आणि त्यांचे व्हिडिओ नंदुरबारला माझ्या आधी पोचले. लाईट गेली, ट्रेन बंद, विमानतळ बंद, माझा फोन संध्याकाळीच मेला. आम्ही दुसऱ्या मजल्यावर कोरडे. मेसला दोन दिवस नुसती खिचडी, दूध नाही, आणि आमच्या रूममधल्या भावनगरच्या पोराकडे त्याच्या आईने दिलेला थेपल्यांचा डबा, त्याच्यावर आम्ही तिघं, तिसरा पाटण्याकडचा, मेणबत्ती लावून पत्ते खेळत बसलेलो. खरं सांगू तर मजा आली. घरी मात्र आई देवापुढे बसलेली, आणि आत्या फोनवर पप्पांना, "मी सांगत होते."

तिसऱ्या की चौथ्या दिवशी पाणी ओसरलं, आम्ही तिघं चालत नदी ओलांडून आत्याकडे गेलो. फोनवर "आमच्याकडे काही नाही, तू स्वतःला सांभाळ" म्हणणाऱ्या बाईच्या घरात गुडघाभर पाणी येऊन गेलं होतं. सगळीकडे चिखल, गहू भिजून वास सुटलेला, शिलाई मशीन आडवी, आत्याच्या यजमानांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं म्हणून ते वरच्या शेजाऱ्यांकडे. दिवसभर आम्ही चिखल ओढला, गाद्या गच्चीवर नेल्या, दिवाण उचलून धुतला. माझ्यासाठी रिकामं केलेलं ते कपाट भावनगरवाल्याने पुसलं, खालचा कप्पा पूर्ण फुगलेला. संध्याकाळी आत्याने शेजाऱ्यांच्या गॅसवर पिठलं-भात केला, पोरांना आग्रह करकरून वाढला, त्यांना "जमो जमो" आणि मला मराठीत, "हेच तू इथे असतास तर आधीच उचललं नसतं का सगळं?"

मी काही बोललो नाही, तोंडात भात होता. पण आज लिहितो. आत्या, मी तिथे असतो तर एकटा असतो, दिवाण एकट्याने हलला नसता. होस्टेलवर होतो म्हणून तिघं आलो.

आता गंमत अशी की तोच भावनगरवाला पुढे प्रत्येक उत्तरायणला तिच्या गच्चीवर, गणपतीत तिच्या मोदकांना हजर. तिचा लाडका. तो होस्टेलचा ते चालतं.

हां, पण मी मुलांच्या होस्टेलचं सांगतोय. मुलींच्या होस्टेलची गेटची वेळ, नियम बरेच कडक असतात, तू मुलगी असशील तर तिथल्याच कुणाला तरी विचार. घरी पैशाची खरंच ओढाताण असेल तर काकांकडे राहा, त्यात कमीपणा नाही, मी वर जे बोललो ते पप्पांच्या खिशावर बोललो. आणि काकांचं घर तळमजल्यावर असेल तर पावसाळ्यात अधूनमधून जाऊन येत जा.

न्यायचं काय, ते राहिलंच. चांगलं कुलूप, एक्स्टेन्शन बोर्ड, मच्छरदाणी, कपड्यांची दोरी, पासपोर्ट फोटो भरपूर, पॉवर बँक (का ते कळलंच असेल). बादली-मग तिथेच घे. शंकरपाळे कितीही ने, पहिल्या रात्री संपतात. आणि काकांकडे लोकल गार्डियनची सही घ्यायला जाशील तेव्हा रिकाम्या हाताने जाऊ नकोस, निदान पाव किलो पेढे ने. मी तसाच गेलो होतो.