केसांचा नियम सगळ्यांना सारखाच असेल, तर त्यात आफ्रिकन वंशाच्या मुलांशी भेदभाव कसा?

तुमचा प्रश्न मलाही पडायचा. आमच्या घरी नीटनेटके केस म्हणजे तेल चोपडून चापूनचोपून घातलेल्या दोन वेण्या. बाकी सगळ्या झिपऱ्या! मग लंडनला मुलीच्या शाळेत पालक-प्रतिनिधी झाले आणि गणवेशाची नियमावली पहिल्यांदा नीट वाचली.

त्यात एक ओळ होती: केस फार फुगलेले नसावेत. वरवर साधीच. पण आफ्रो केस, म्हणजे आफ्रिकन वंशाच्या लोकांचे दाट कुरळे केस, खाली पडत नाहीत, वर आणि बाजूला वाढतात. म्हणजे दोन मुलींचे केस अगदी एकाच लांबीचे असले, तरी एकीचे पाठीवर रुळतात म्हणून चालतात आणि दुसरीचे डोक्याभोवती उभे राहतात म्हणून तिला घरी पाठवायचं.

मुलीच्या मैत्रिणीची आई घानाची. तिच्याकडे एका रविवारी बसून पाहिलं. ओल्या केसांना क्रीम लावून रुंद दातांच्या फणीने आधी टोकं सोडवायची, मग हळूहळू मुळाकडे यायचं. कोरडे विंचरले तर तुटतात. त्यानंतर टाळूला चिकटून बारीक वेण्या, म्हणजे कॉर्नरो. सकाळी बसलेली पोर दिवेलागणीला उठली. या वेण्या केस जपण्यासाठी असतात, आठवडे टिकतात. 'उद्या सोडून या' म्हणणाऱ्याला हे ठाऊकच नसतं.

इथल्या २०१०च्या समानता कायद्यात वंशाला संरक्षण आहे, केसांचं नाव नाही. त्यामुळे सगळी लढाई अप्रत्यक्ष भेदभावाची, म्हणजे नियम सगळ्यांना सारखा पण फटका एकाच गटाला. लंडनच्या एका शाळेने २००९ मध्ये कॉर्नरो घातलेल्या ११ वर्षांच्या मुलाला प्रवेश नाकारला होता. कुटुंबाची परंपरा असताना अपवाद न करणं हा अप्रत्यक्ष वंशभेद, असं हायकोर्टाने २०११ मध्ये ठरवलं. (त्याआधी १९८३ मध्ये पगडीवाल्या शीख मुलाचा खटला थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या इथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेला होता, ते आपल्याकडे कुणाला आठवत नाही.) २०२० मध्ये लंडनच्या हॅकनी भागातल्या एका मुलीला आफ्रो केसांवरून शाळेने वारंवार घरी पाठवल्याबद्दल तिच्या कुटुंबाला कोर्टाबाहेर ८,५०० पौंड मिळाले. शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये समानता आयोगाने शाळांसाठी मार्गदर्शन काढलं. केसांवरून भेदभाव न करण्याचा, शाळांनी आपणहून स्वीकारायचा 'हेलो (Halo) कोड' कृष्णवर्णीय तरुणांनी २०२० मध्येच आणला होता.

तुम्हाला काही करायचं असेल तर भाषणबाजी नको, नियमावलीची प्रिंट काढा. 'फुगलेले', 'टोकाचे', 'नैसर्गिक' असे शब्द अधोरेखित करा. मग लेखी विचारा: या कलमाखाली वर्षभरात किती मुलांना शिक्षा झाली आणि ती कोणत्या वंशाची होती? आमच्याकडे उत्तर आलं, 'अशी नोंद ठेवलेली नाही.' तेवढं एक वाक्य बैठकीत वाचून दाखवलं. दोन सत्रांनी फुगण्याची ओळ गेली. 'टोकाची केशरचना' अजून तिथेच आहे. टोक कुठलं, हे पुढच्या बैठकीत विचारणार आहे.