जंगल, विकास आणि आदिवासींचे हक्क हे तिन्ही एकत्र कसे सांभाळता येतील?

जंगल राखायचे, परिसराचा आर्थिक विकास करायचा आणि आदिवासींचे हक्कही जपायचे, हे एकाच वेळी कसे जमणार, असे आपण विचारले आहे. गडचिरोली जिल्ह्यात वनरक्षक आणि पुढे वनपाल म्हणून माझी एकतीस वर्षे गेली. आपल्या प्रश्नात हक्क शेवटी आले आहेत, आणि तेच मला लागले.

नोकरीच्या सुरुवातीच्या एका हिवाळ्यात मी नाक्यावर एका वृद्ध गोंड शेतकऱ्याचे अकरा बांबू जप्त केले. त्यांच्या गोठ्याचे छप्पर बसले होते. मोळी माहुलीच्या सालीच्या दोरीने बांधलेली होती, आणि वरिष्ठांच्या सांगण्यावरून मी ती दोरीही पंचनाम्यात लिहिली. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने बांबूला झाडाच्या व्याख्येत बसवले होते, त्यामुळे माझी कारवाई नियमाला धरूनच होती. बाबा संध्याकाळपर्यंत नाक्याबाहेर बसून राहिले, आणि तेवढ्या वेळात कागद कारखान्याच्या बांबूचे ट्रक, वाहतूक परवान्यावर माझाच शिक्का घेऊन, एकामागून एक निघून गेले. उठताना त्यांनी बांबू मागितले नाहीत. "दोरी तरी द्या, ती मी वळली आहे," एवढेच म्हणाले. मी ती दिली नाही.

जंगल खरोखर कोण ओरबाडत होते, हे मी कारखान्याच्या कुपांत, म्हणजे तोडीसाठी आखून दिलेल्या जंगलाच्या तुकड्यांत, फिरून पाहिले आहे. मजुराला नगामागे पैसे मिळत, त्यामुळे बांबूच्या बेटात शिरून जून बांबू काढण्यापेक्षा कडेचे कोवळे बांबू कमरेच्या उंचीवर छाटणे त्याला परवडत असे. अशा तोडीने बेट गुंतत जाते आणि पुढच्या पावसाळ्यात वास्ते, म्हणजे नवे कोंब, कमी फुटतात. तरीही माझे एक सहकारी निवृत्तीच्या दिवसापर्यंत सांगत राहिले की जंगल लोकांच्या हाती दिले तर पाच वर्षांत उजाड होईल. हे मत मला तेव्हाही चुकीचे वाटत होते. मात्र तेव्हा मी गप्प बसलो.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू आणि तेंदू यांना गौण वनोपज (इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारे वनस्पतिजन्य उत्पन्न) मानले व त्यांची मालकी गावाला दिली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळाला, पण बांबू बाहेर नेण्याचा परवाना कोणी द्यायचा यावर घोडे अडले आणि २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी स्वतः येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. हाच आपल्या प्रश्नाचा विकासाचा भाग आहे: बांबूचा पैसा गावात येतो, आणि पुढच्या वर्षीही तो यावा म्हणून बेट राखणे ही गावाची स्वतःची गरज होते.

सर्वच गावांत असे घडते, असा माझा दावा नाही. काही ठिकाणी तेंदूचा ठेकेदार ग्रामसभेला फसवतो, काही ठिकाणी हिशेब दोघातिघांच्याच हाती राहतो. खाणींसाठी जंगल जाते, त्या प्रश्नाचे उत्तरही बांबूत नाही. ओडिशातील नियमगिरी डोंगरातील बारा ग्रामसभांनी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०१३ मध्ये खाण नाकारली, परंतु केंद्राने वनजमीन खाणीसारख्या इतर कामांसाठी वळवण्यास मंजुरी देण्यापूर्वीच ग्रामसभेची संमती हवी, ही अट २०२२ च्या वन संवर्धन नियमांनी सैल केली. ती पूर्ववत झाल्याशिवाय समतोलाची भाषा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

राहिले माझे सहकारी. बांबू कोणी आणि कसा तोडला, हे बुंध्याशी वाकल्यावर लगेच कळते. सामूहिक हक्क मिळालेल्या एका गावाची बेटे पाहायला मी त्यांना दोनदा बोलावले. ते अद्याप आलेले नाहीत.